पळून गेलेला टायगर परत आला तेव्हा

12 नोव्हेंबर 2023, रविवार, लक्ष्मीपूजनाचा दिवस. 'टायगर 3' त्या दिवशी प्रदर्शित झाला आणि त्याच रात्री मालेगावच्या एका टॉकीजमध्ये, पडद्यावर सलमान खान येताच प्रेक्षकांनी खुर्च्यांच्या मधोमध फटाके फोडले. माणसे वाट मिळेल तिकडे पळू लागली. ते चित्रण देशभर दाखवले गेले, पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि हे फार धोक्याचे आहे, असे करू नका, असे खुद्द सलमान खानलाच आपल्या चाहत्यांना सांगावे लागले. 2021 साली 'अंतिम'च्या वेळीही त्याने हेच सांगितले होते. पोस्टरवर दूध ओतणाऱ्यांना, ते दूध गरिबाच्या मुलांना पाजा, असेही तेव्हा सुनावले होते.

आमच्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी यावर जे बोलायचे ते बोलून घेतले. पोरांना तालीम नाही, रोजीची फिकीर नाही, पिक्चरपायी जीव द्यायला निघाली आहेत, वगैरे. आम्हीही बोललो. 1997 साली दिल्लीच्या 'उपहार'मध्ये 'बॉर्डर'चा खेळ चालू असताना आग लागली आणि 59 माणसे गेली, हे ज्याला आठवते त्याला बंद टॉकीजमधल्या फुलबाजीचेही कौतुक वाटणार नाही. पण या गदारोळात एक गोष्ट कोणी नोंदवली नाही. ज्या वयाच्या मुलांनी फटाके फोडले, त्याच वयाची कितीतरी मुले टॉकीजबाहेर पडताना नाराज होती.

हे आम्हाला कळले ते त्या आठवड्यात मालेगावला आमच्या भावाकडे गेलो म्हणून. शुक्रवार होता. मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, आणि नमाजनंतर चहाच्या हॉटेलात बसायला जागा मिळत नाही. आमचा पुतण्या आणि त्याचे तीन-चार दोस्त टायगरवर वाद घालत होते. अर्ध्या तासात आम्ही जी समीक्षा ऐकली ती वर्तमानपत्रांत आलेल्या परीक्षणांपेक्षा बरी होती, असे आमचे प्रामाणिक मत झाले. एकाला पिक्चर पसंत होता, कारण भाई दिसला, हाणामारी झाली, पैसे वसूल. दुसऱ्याचे म्हणणे, कातरिनाची हमाममधली मारामारी सोडली तर लक्षात राहावे असे काही नाही. तिसरा तर चिडलेलाच होता. भाईच्या पिक्चरमध्ये सगळ्यात मोठी शिटी कुणाला मिळाली, तर शाहरुखला. टायगर पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतो आणि त्याला सोडवायला पठाण येतो. "मग याला टायगर कशाला म्हणायचे, चाचा? पठाणचा दुसरा भाग म्हणा ना." शेवटी हृतिक रोशनही एक झलक देऊन जातो, ती पुढच्या चित्रपटाची जाहिरात. म्हणजे मागच्याची आठवण आणि पुढच्याची जाहिरात यांच्यामध्ये जी जागा उरली, तेवढा 'टायगर 3'.

पुतण्या गप्प होता. बऱ्याच वेळाने एवढेच म्हणाला, की पहिल्या टायगरला कुणाची मदत लागत नव्हती, कारण तो कुणाचा नव्हता.

हे वाक्य आमच्या डोक्यात राहिले. त्यासाठी मागे जावे लागेल.

'एक था टायगर' 15 ऑगस्ट 2012 रोजी आला. रमजानचा महिना सरत आला होता, ईदला पाच दिवस होते. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांनी तो ईदीच्या पैशांत पाहिला. दिग्दर्शक कबीर खान, माहितीपटांतून आलेला माणूस. पुढे 2015 साली 'बजरंगी भाईजान' त्यानेच केला. गोष्ट अशी की रॉचा हेर अविनाशसिंह राठोड ऊर्फ टायगर डब्लिनला एका शास्त्रज्ञावर पाळत ठेवायला जातो. तिथे तो स्वतःला लेखक म्हणवतो. (लेखकाचे सोंग घेतले की कोणी फारसे लक्ष देत नाही, हे पटकथाकाराला चांगले ठाऊक असावे.) शास्त्रज्ञाचे घर सांभाळणारी जोया त्याला आवडते, आणि ती निघते आयएसआयची. आता हिंदी सिनेमाच्या रिवाजाप्रमाणे एकाने दुसऱ्याला आपल्या बाजूला ओढायला हवे होते, किंवा एकाने मरायला. कबीर खानने दोन्ही केले नाही. ते दोघे पळून गेले. हवानापर्यंत गेले. मागे रॉ, मागे आयएसआय. जन्माचे वैरी असलेली ही दोन खाती या एका कामापुरती एकाच दिशेने धावत होती. शेवटी टायगर आपल्या वरिष्ठाला, म्हणजे गिरीश कार्नाडांनी साकारलेल्या शेणॉयला, फोनवर सांगतो की दोन्ही मुलकांना या खात्यांची गरज उरणार नाही त्या दिवशी मी परत येईन.

चित्रपट म्हणून 'एक था टायगर' फार थोर आहे असा आमचा दावा नाही. गाणी जबरदस्तीने घुसवलेली आहेत, आणि कित्येक ठिकाणी हेरगिरी एखाद्या सहलीसारखी वाटते. पण त्यात एक गोष्ट अशी होती जी आमच्या वाट्याला क्वचित येते. पाकिस्तानी मुसलमान बाई पडद्यावर आली, आणि तिला तिची निष्ठा सिद्ध करायला कुणी सांगितले नाही. तिने देश सोडला, त्याच क्षणी त्यानेही सोडला. हिशेब बरोबरीचा होता.

ज्याने परत येणार नाही म्हणून सांगितले, त्याला परत आणायचे तर निमित्त हवे. 22 डिसेंबर 2017 च्या 'टायगर जिंदा है'ने ते शोधले. दिग्दर्शक बदलला, अली अब्बास जफर आले. 2014 साली इराकच्या तिक्रितमध्ये केरळच्या परिचारिका अडकल्या होत्या आणि सुखरूप परतल्या होत्या, त्या खऱ्या घटनेवरून गोष्ट रचली. भारतीय परिचारिकांबरोबर पाकिस्तानी परिचारिकाही अडकलेल्या दाखवल्या, म्हणजे रॉ आणि आयएसआय यांना एकत्र काम करता यावे. बरोबरी जरा यांत्रिक झाली, पण टिकली. टायगर कामावर परतला होता, तरी अजून अर्धा पळालेलाच होता.

तिसऱ्या भागात काय होते? जोयाचा जुना उस्ताद आतिश रहमान, आयएसआयमधून बडतर्फ झालेला, टायगरवर सूड घ्यायला आणि पाकिस्तानात लष्करी उठाव घडवायला निघाला आहे. इम्रान हाश्मीने ही भूमिका जीव ओतून केली आहे आणि त्याच्या रागाला कारणही दिले आहे. टायगरशी झालेल्या चकमकीत त्याची गरोदर बायको गेलेली असते. तो टायगर-जोयाच्या मुलाला विष देतो आणि उताऱ्याच्या बदल्यात आईबापांकडून चोरी करवून घेतो. पण त्याच्याही आधी, सुरुवातीलाच, मरणाच्या दारात असलेल्या सहकाऱ्याकडून टायगरला कळते की आतून खबर फोडणारी व्यक्ती म्हणजे त्याची स्वतःची बायको आहे.

इथे आम्ही खुर्चीत सावरून बसलो होतो. म्हटले, आता खरा चित्रपट सुरू होणार. दहा-अकरा वर्षांचा संसार, मधे एक मूल, आणि नवऱ्याच्या मनात शंकेचा किडा. इतकी वर्षे जी ओळख विचारली गेली नव्हती ती आता विचारली गेली आहे. हेरपटात यापेक्षा मोठा विषय असत नाही. पण थोड्याच वेळात मुलाच्या विषाचा खुलासा होतो, संशय फिटतो, मोटरसायकली सुरू होतात. जोयाला कसे वाटले, हे विचारायला कोणालाच फुरसत नाही. नवऱ्याने आपल्यावर शक घेतला, आणि तो शक घेणे त्याला किती सोपे गेले, यावर तिला एक संवादही बोलू दिलेला नाही.

आमच्या भाचीने हा चित्रपट टॉकीजमध्ये पाहिला नाही. त्यांच्या गल्लीतल्या बायका टॉकीजला जात नाहीत. 2024 च्या जानेवारीत तो प्राइम व्हिडिओवर आला तेव्हा तिने मोबाईलवर पाहिला, तोही तुकड्या-तुकड्यांनी, मुले झोपल्यावर. तिने फटाक्यांची चौकशी केली नाही, शाहरुखचीही नाही. तिने विचारले, "मामू, तो मुलगा कुठल्या मुलकाचा?" रॉच्या बापाचा, आयएसआयच्या आईचा, ऑस्ट्रियात वाढलेला मुलगा. त्याला शाळेत कोणी काही विचारत नसेल काय? आम्हाला उत्तर देता आले नाही. पटकथाकारांनाही हा प्रश्न पडलेला दिसत नाही. त्यांना मूल हवे होते ते विष देण्यापुरते.

मालेगावात हेरांचा सिनेमा पाहणे ही साधी बाब नाही, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, तिथे स्फोट झाले. मेले ते मुसलमान, आणि पकडली गेली तीही मुसलमान मुले. त्यांतल्या बहुतेकांना पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर 2011 मध्ये जामीन मिळाला, आणि 2016 साली विशेष न्यायालयाने त्या खटल्यातून त्यांना मुक्त केले. ज्या गावाने संशयाची किंमत अशी मोजली, त्या गावची मुले पडद्यावर एका सरकारी हेराला पाहून शिट्ट्या मारतात. बाहेरच्यांना याचे नवल वाटते. आम्हाला वाटत नाही. त्यांना टायगरची नोकरी आवडत नव्हती, त्याने नोकरी सोडून पळून जाणे आवडले होते. फायलीतून निसटलेला माणूस म्हणून तो त्यांचा होता. पुतण्याला हे इतक्या शब्दांत सांगता आले नसते, पण तो म्हणाला ते हेच.

आता शेवट. टायगर पाकिस्तानच्या पंतप्रधान नसरीन इराणींना वाचवतो, तिथली लोकशाही वाचवतो, आणि आभार म्हणून तिथली शाळकरी मुले वाद्यांवर भारताचे राष्ट्रगीत वाजवतात. जखमी टायगर उभा आहे, डोळ्यांत पाणी आहे. आमच्या शेजारच्या रांगेतली माणसेही उठून उभी राहिली. आम्हीही राहिलो. राष्ट्रगीताला उभे राहण्यात आमची ना नाही. पण त्या प्रसंगाबद्दल मनात जे आले ते लिहिले नाही तर ही समीक्षा खोटी ठरेल. दोन देशांत सलोखा व्हावा असे आम्हाला मनापासून वाटते. आमच्यातल्या अनेकांची नाती फाळणीने तोडलेली आहेत. पण एकाने उपकार करायचे आणि दुसऱ्याने त्याचे गीत वाजवायचे, हा सलोखा जिंकणाऱ्याच्या स्वप्नातला आहे. हवानाहून निघालेल्या दोघांनी कुणाचेच गीत वाजवले नव्हते. चाहत्यांना शेवट "लांबला" असे वाटले. त्या लांबण्यामागे हे कारण असावे, असा आमचा तर्क आहे.

दिग्दर्शक मनीष शर्मा अडाणी नाहीत. 'बँड बाजा बारात' त्यांचाच, आणि 2016 चा 'फॅन'ही त्यांचाच, ज्यात चाहता आणि तारा दोन्ही शाहरुखच होता. आपल्या ताऱ्याने झिडकारलेल्या चाहत्याचे काय होते, यावर हिंदीत एवढ्या जवळून कोणी पाहिले नव्हते. त्याच माणसाच्या हाती टायगर आला आणि त्याला चाहत्यांना काय द्यायचे ते ठाऊक होते, पण चाहते काय मागत होते ते नव्हते. किंवा असेही असेल की कंपनीच्या या मालिकेत दिग्दर्शकाला फार विचारतच नाहीत. 25 जानेवारी 2023 च्या 'पठाण'ने जगभरात एक हजार कोटींच्या वर धंदा केला. पठाणची गंमत अशी की तान्हेपणी त्याला आईबापांनी सिनेमाच्या टॉकीजमध्ये टाकले, आणि नाव दिले ते अफगाण गावाने. त्याचा मजहब कोणता, याला टॉकीज हे उत्तर आहे. आम्हाला ती कल्पना टायगरच्या तिन्ही भागांपेक्षा जास्त आवडली. पण एकदा हजार कोटी मिळाले की हर चित्रपटात पठाण हवाच, असे हिशेबनीसांना वाटू लागते. 'टायगर 3' पाचशे कोटींच्या आतच राहिला. 19 नोव्हेंबरचा विश्वचषकाचा अंतिम सामना आडवा आला, असे सांगितले गेले. सामना एका दिवसाचा होता.

14 ऑगस्ट 2025 रोजी याच मालिकेतला 'वॉर 2' आला, त्याचीही तीच गत झाली. डिसेंबर 2025 मध्ये आलेल्या 'धुरंधर'ने मात्र सारे उच्चांक गाठले. तो कराचीच्या ल्यारीत शिरतो, रक्त भरपूर सांडतो, आणि सलोख्याच्या गोष्टींना त्यात जागा नाही. आमचा पुतण्या तोही पाहून आला. अक्षय खन्नाची तारीफ केली, बाकी काही बोलला नाही.

गेल्या ईदला त्याच्या घरी गेलो तेव्हा तो धाकट्या मुलांना घेऊन मोबाईलवर जुना 'एक था टायगर' लावून बसला होता. गाणी तो पुढे ढकलत होता. हवाना आले तेव्हा एका पोराने विचारले की हे कुठे पळतात. पुतण्या म्हणाला, "देख तो सही."