आड, पोहरा आणि पाटाचे पाणी

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण शाळेत आम्हाला माणसाच्या बुद्धीविषयी शिकवली. शिरूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गावी आजी मात्र ती खरोखरच्या आडाविषयीच म्हणे. चैत्रात पोहरा खडकावर आपटून रिकामा वर आला, की त्या वाक्यात रूपक उरत नसे.

१८९९ सालच्या मॅनवॉरिंग यांच्या संग्रहापासून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’पर्यंत आपल्या संग्राहकांनी म्हणींचा अर्थ निगुतीने जपला. पण म्हण कोण कोणाला ऐकवतो, हे अर्थाच्या ओळीत मावत नाही. पाण्याच्या म्हणींत तर सारे मर्म तिथेच असते, असे मला वाटते.

या म्हणींचे जग उताराचे आहे. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ म्हणताना छपराचा उतार हाच न्याय ठरतो. खालच्याने खालीच राहावे. भीमाकाठी विजेच्या मोटारींनी हा उतार केव्हाच मोडला. नदीचे पाणी पाइपातून माळावर चढले आणि तिथे ऊस उभा राहिला. म्हणीतले पाणी खोटे ठरले, भेद मात्र टिकला. आता ज्याची मोटार मोठी, तो आढ्यावर.

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ हा सल्लाही दौंडकरांना परवडणारा नाही. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, ती पुणे शहराचे सांडपाणी घेऊनच. मूळ न विचारण्यात आदर असेल. खालच्या गावाने ते विचारणे ही गरज आहे.

आता पुन्हा आडाकडे येऊ. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांवर पुणे शहराची तहान भागते आणि कालव्याने दौंड-इंदापूरची शेतीही भिजते. आवर्तन लांबले, की ‘धरणातच नाही, तर चारीत कुठून?’ असे उत्तर कानी येते. म्हण तीच, पण बोलणारा बदलला. आजी स्वतः दोर ओढून, तळ पाहून बोलत होती. आडात कोणीही वाकून पाहू शके. टेलच्या शेतकऱ्याला धरणाचा तळ दिसत नाही, त्याच्यापर्यंत फक्त आकडा पोहोचतो. शिवाय आड आणि पोहरा यांच्यामध्ये एक दोरच होता; धरण आणि चारी यांच्यामध्ये वाटप आहे. म्हणून धरणात असूनही चारीत नसणे शक्य होते, आणि म्हणीला ही शक्यता ठाऊकच नाही.

आजीच्या तोंडी ती टंचाईची कबुली होती. आज तीच वाटपाची सबब होऊ शकते. म्हण टाकून द्यावी, असे मी म्हणणार नाही. ती ऐकल्यावर एवढेच विचारावे, की आडात वाकून पाहिले कोणी?