2.2 आणि 11.6 : आरोपी बाई असते तेव्हा

पेटची तयारी करणाऱ्या काही जणांनी मला पुन्हा तोच प्रश्न पाठवलाय : रिसर्च गॅप कशी शोधायची? बहुतेकांना वाटतं, ज्या विषयावर कोणी लिहिलं नाही तो विषय म्हणजे गॅप. तसं नसतं. आमच्या सोनगीरच्या तांबट आळीत दिवसाला किती हातोडे पडतात यावरही कोणी पेपर लिहिलेला नाही, म्हणून ती गॅप होत नाही. मोजायचं साधनच जिथे आंधळं आहे, ती जागा शोधा. आज अशी एक जागा दाखवतो. विषय अवघड आहे, तेव्हा सावकाश वाचा : लैंगिक गुन्हा करणारी व्यक्ती स्त्री असेल, तर कायदा, न्यायालय आणि आपण संशोधक तिला कसं बघतो?

मी संख्याशास्त्राचा माणूस. माझी पीएच.डी. सर्व्हेमधल्या न दिलेल्या उत्तरांवर आहे. या विषयाकडे मी वाचनातून आलो नाही, चहाच्या टपरीवरून आलो. दिवाळीत शाळेतले मित्र गावी आले की आम्ही महामार्गाच्या फाट्यावर बसतो. तीन वर्षांपूर्वी त्यातल्या एकाने सहज बोलता बोलता सांगितलं की तो अकरा वर्षांचा असताना ओळखीच्या एका मोठ्या बाईने त्याच्याबरोबर बरेच महिने काय काय केलं होतं. क्षणभर सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणालं, ‘तुनं नशीब भारी शे भो!’ सगळे हसले. मीही हसलो. तोही हसला, आणि विषय क्रिकेटवर गेला. (हे त्याला विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ते हसणं लक्षात ठेवा, आकड्यांकडे आलो की त्याची गरज पडेल.

आधी कायदा. भारतीय दंड संहितेच्या कलम 375 ची सुरुवातच ‘पुरुष’ या शब्दाने होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 63 मध्येही तेच. त्यामुळे बलात्काराची आरोपी स्त्री असू शकत नाही. सामूहिक बलात्काराचं काय? यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2006 चा निकाल आहे, न्या. अरिजित पसायत आणि न्या. एस. एच. कपाडिया यांच्या पीठाचा. प्रकरण मध्य प्रदेशातल्या सागरचं. स्पर्धेहून परतणाऱ्या एका खेळाडू मुलीला ‘तुझ्या वडिलांनी घ्यायला पाठवलंय’ असं सांगून एकाने घरी नेलं आणि बलात्कार केला, असा आरोप होता. तेवढ्यात त्याची बायको आली. मुलीने तिच्याकडे मदत मागितली. तिने मुलीला थोबाडीत मारली, दार लावून घेतलं आणि निघून गेली. हा सगळा फिर्यादी पक्षाचा आरोप. प्रश्न एवढाच होता की या बाईवर सामूहिक बलात्काराचा खटला चालेल का. न्यायालय म्हणालं, नाही. स्त्री बलात्कार करूच शकत नाही, मग तिचा तसा ‘समान इरादा’ कसा असेल?

इथे थांबा आणि युक्तिवाद तपासा, कारण पेपर वाचतानाही नेमकं हेच करायचं असतं. ‘स्वतः करू शकत नाही’ यावरून ‘इतरांबरोबर तसा इरादा ठेवू शकत नाही’ हा निष्कर्ष निघतो का? खुनाच्या खटल्यात दारावर पहारा देणाऱ्याने सुरा हातात घेतलेला नसतो, तरी समान इराद्याने तोही खुनात धरला जातो. प्रत्यक्ष कृती एकाची, जबाबदारी सगळ्यांची, हाच तर त्या तत्त्वाचा अर्थ. मग दार लावणाऱ्या हाताला वेगळा नियम का? न्यायालयाच्या बाजूनेही सांगायला हवं : दंडाचं कलम शब्दांपलीकडे ताणायचं नाही हा तत्त्वाचा मुद्दा आहे, आणि गुन्ह्याला मदत केल्याबद्दल तिच्यावर कारवाई होऊ शकते का हा प्रश्न त्यांनी खालच्या न्यायालयासाठी खुला ठेवला होता. तरी तर्कातली फट राहतेच. 2013 नंतर सामूहिक बलात्काराच्या कलमात ‘व्यक्ती’ हा शब्द आला, आणि 2023 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याच शब्दाचा आधार घेऊन म्हटलं की मदत करणाऱ्या स्त्रीवर त्या कलमाखाली खटला चालू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. पॉक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. त्यात पीडित मुलगा किंवा मुलगी कोणीही असू शकतं आणि करणारी ‘व्यक्ती’ असते. पण इंग्रजी मसुद्यात पुढे पुल्लिंगी सर्वनाम आलंय, त्यावरून एका आरोपी स्त्रीने ‘हे कलम मला लागूच होत नाही’ असा बचाव घेतला. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. अनुप जयराम भंभानी यांनी ऑगस्ट 2024 मध्ये तो फेटाळला. कायदा बालकाच्या संरक्षणासाठी आहे, करणाऱ्याचं लिंग कोणतं हे त्यात महत्त्वाचं नाही, असा त्या निकालाचा अर्थ. कायदा येऊन बारा वर्षं होत आली तरी हा मुद्दा अजून वादात होता, याची नोंद घ्या. आणि माझा मित्र? त्याचं अकरावं वर्ष पॉक्सोच्या आधीचं. तेव्हा विनयभंगाचं कलम स्त्रियांसाठी, बलात्काराचंही स्त्रियांसाठी. त्याच्याबरोबर जे झालं त्याला लावायला नेमकं कलम पुस्तकात नव्हतंच. आम्ही हसलो ते त्या मानाने फार वेगळं नव्हतं.

आता आकडे. फ्रांका कॉर्टोनी आणि सहकाऱ्यांचं 2017 चं मेटा-अ‍ॅनालिसिस या विषयात सगळ्यात जास्त उद्धृत होतं. 12 देशांमधली माहिती त्यात एकत्र केली आहे. पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या लैंगिक गुन्ह्यांत करणारी स्त्री असण्याचं प्रमाण सरासरी 2.2 टक्के, आणि पीडितांनाच सर्व्हेत विचारलं तर 11.6 टक्के. पाचपटीहून थोडं जास्त.

इंटरनेटवर या दोन आकड्यांचं काय काय झालंय ते बघा. एक गट ओरडतो : बघा, पुरुषांवर किती अन्याय, बायकांना सोडून देतात! दुसरा गट म्हणतो : 2 टक्केच ना, मग कशाला बोलायचं? दोघांनीही पेपर वाचलेला नाही. पहिल्या गटाला सांगायचं तर 11.6 धरले तरी उरलेले 88 टक्क्यांच्या वर पुरुषच आहेत. शिवाय पाचपटीहून जास्त असा हा फरक ‘न्यायव्यवस्था सोडून देते’ असं सिद्ध करत नाही. न्यायव्यवस्थेपर्यंत प्रकरण पोहोचलंच नाही, असंही असू शकतं. सर्व्हेत ‘लैंगिक अत्याचार’ची व्याख्या बहुधा पोलिसांच्या कलमांपेक्षा रुंद असते, तोही फरकाचा एक भाग. दोन वेगळ्या मापांनी मोजलेले आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायची नसते. आमच्या गावात तांब्या विकत घेताना वजन आणि घडणावळ वेगळी सांगतात, ती काही उगाच नाही.

दुसऱ्या गटासाठी ते फाट्यावरचं हसणं. घटना घडणं आणि पोलिसांच्या वहीत येणं यात किती चाळण्या असतात ते मोजा : मुलाला हे चुकीचं आहे हे कळणं, कोणाला तरी सांगणं, त्या माणसाने न हसणं, ठाण्यात जाणं, ठाण्यात कलम सापडणं. आरोपी पुरुष असला तरी या चाळण्या असतातच, पण तिसरी आणि पाचवी चाळणी इथे जास्त बारीक आहे. संख्याशास्त्रात आम्ही याला यादृच्छिक नसलेली गळती म्हणतो. गळती सगळीकडे सारखी असती तर टक्केवारी बदलली नसती. ती सारखी नाही.

याच लेखिकेचं 2010 चं दुसरं मेटा-अ‍ॅनालिसिस आहे : 10 अभ्यास, 2,490 स्त्रिया, सरासरी साडेसहा वर्षं पाठपुरावा, आणि पुन्हा लैंगिक गुन्हा करण्याचं प्रमाण 3 टक्क्यांच्या आत. हा आकडा वकिलांच्या फार उपयोगाचा. पण ‘पुन्हा गुन्हा’ म्हणजे त्या अभ्यासांत काय धरलंय? अटक, आरोप किंवा शिक्षेची नोंद. म्हणजे पुन्हा तीच पोलिसांची वही. जी वही पहिल्यांदा कमी बघते असं 2017 चा पेपर सांगतो, तिच्याच भरवशावर ‘परत करत नाहीत’ असं कसं म्हणायचं? प्रमाण खरंच कमी असेल, बहुधा असेलही. पण एका स्त्रीला एकदा शिक्षा झाल्यावर तिच्यावर नजर वाढते की कमी होते, हे कळल्याशिवाय तो आकडा किती खाली-वर सरकेल हे ठरत नाही. यावर एक आख्खा प्रबंध होईल.

माझा खरा राग मात्र वर्गीकरणांवर आहे. 1989 मध्ये मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांचे प्रकार पाडले : पुरुषाच्या दबावाखाली करणारी, स्वतः लहानपणी अत्याचार सोसलेली, आणि ‘शिक्षिका/प्रेमिका’. पाठ्यपुस्तकांत हे प्रकार निसर्गनियम असल्यासारखे छापलेले असतात. नमुना किती होता? 16 स्त्रिया. अमेरिकेतल्या एका राज्यातल्या. शोध म्हणून 16 ठीक आहेत, कोणी तरी सुरुवात करायलाच हवी होती. पण तिसऱ्या प्रकाराचं नाव बघा. ‘प्रेमिका’ हा शब्द कोणाचा आहे? करणाऱ्या स्त्रीने स्वतःबद्दल जे सांगितलं, तेच संशोधकाने लेबल म्हणून चिकटवलं. पुरुष शिक्षकाला आपण ‘प्रियकर प्रकार’ म्हटलं असतं का? पुढे 2004 मध्ये व्हँडिव्हर आणि कर्चर यांनी टेक्ससमधल्या 471 नोंदणीकृत स्त्रियांची माहिती घेऊन सहा गट काढले. नमुना मोठा, पद्धत बरी, पण यादी पुन्हा फक्त पकडल्या गेलेल्यांची.

लेबलं पुस्तकात राहत नाहीत. 2025 मध्ये मुंबईत एका शिक्षिकेला अल्पवयीन विद्यार्थ्यावर अत्याचार केल्याच्या आरोपावरून अटक झाली, जुलैमध्येच जामीनही मिळाला. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत, त्यामुळे तिच्याबद्दल मी काही म्हणत नाही. बातम्यांखालच्या प्रतिक्रियांबद्दल म्हणतो : अर्ध्या लोकांनी त्याला प्रेमकथा ठरवलं. अठराच्या आतल्या मुलाच्या संमतीला पॉक्सोत अर्थ नाही, मुलगी असो वा मुलगा. उरलेल्यांनी ‘बाई म्हणून जामीन’ असा निष्कर्ष काढला. तोही घाईचाच. स्त्री आरोपीला जामिनात सवलत देण्याचा अधिकार कायद्यानेच न्यायालयाला दिलाय. ती पक्षपाताची खूण आहे का हे ठरवायला तशाच आरोपांतल्या पुरुष शिक्षकांच्या जामीन अर्जांशी तुलना लागेल. एका प्रकरणातून तुलना होत नाही. ऑटो पोलक यांनी 1950 मध्ये ‘न्यायव्यवस्था बायकांशी दाक्षिण्याने वागते’ हे मांडलं, तेव्हा त्यांच्याकडेही पुरावा पातळच होता. त्याच्या उलट, ‘चांगल्या बाईच्या’ चौकटीबाहेर गेलेल्या स्त्रीला जास्त कडक वागवतात, असंही गृहीतक आहे. आपल्याकडे दोन्ही तपासायला मोकळी आहेत.

तपासायचं कुठे? राष्ट्रीय आकड्यांच्या मागे लागू नका. 2007 च्या केंद्र सरकारच्या बाल अत्याचार अभ्यासाचंच घ्या : 13 राज्यं, 12,447 मुलं, 53.22 टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, आणि सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्त. आकडा सगळीकडे ‘भारतातली निम्मी मुलं’ म्हणून फिरतो. पण नमुन्यात रस्त्यावरची, काम करणारी, संस्थांमधली मुलं मुद्दाम वेगवेगळ्या गटांतून घेतली होती. तो देशाचा सरळ अंदाज नाही. धुळे आणि जळगाव जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सवर आहेत. पॉक्सोची प्रकरणं घ्या, आरोपींत स्त्री आहे का बघा, तिच्यावर मुख्य कलम लावलंय की मदतीचं ते नोंदवा. दोन जिल्हे, पाच वर्षं, एवढ्यात सिनॉप्सिस होतो.

एक इशारा. अल्पवयीन मुलांच्या मुलाखती घ्यायचा मोह आवरा. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं की कळवणं कोणावरही बंधनकारक आहे, संशोधकालाही सूट नाही. ‘माहिती गोपनीय राहील’ असं संमतीपत्रात लिहून मोकळे झालात तर मुलाशी खोटं बोललात. एथिक्स कमिटीसमोर जाण्याआधी गाईडशी हे बोलून घ्या.

यंदाच्या दिवाळीत मी त्या मित्राला एकटं गाठलं आणि हसल्याबद्दल माफी मागितली. तो म्हणाला, सोड रे. मग मी माझ्या कामाचा प्रश्न विचारला : कोणी सर्व्हेवाला आला असता तर सांगितलं असतं का? त्याने थोडा विचार केला.

‘तुझ्यावर अत्याचार झाला का, असं विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. काय झालं असं विचारलं असतं, तर सांगितलं असतं.’

मेरी कॉस यांनी 1982 मध्ये नेमकी हीच अडचण ओळखून प्रश्नावली बनवली होती : शब्द नको, कृती विचारा. तो पेपर मी दुसऱ्या वर्षाला वाचला होता, त्यावर सेमिनारही दिला होता. पुढच्या वेळी त्या प्रश्नावलीतला एकेक प्रश्न घेऊन बसू. मराठीत आणि अहिराणीत तो कसा विचारायचा, यात मी सध्या अडकलोय.