उपकारक मंत्र आणि नकाराचा अधिकार : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या नियमांची चिकित्सा

मेजाभोवती बसून, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या खेळांत १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ला आद्य स्थान आहे. कथा खेळाडू घडवितात. निकाल मात्र नियम आणि फासे देतात. त्यामुळे या खेळाची नियमपुस्तिका हीदेखील एक संहिता ठरते आणि ती व्यक्तीच्या इच्छेविषयी काय गृहीत धरते, हे तपासणे अगत्याचे होते.

शत्रूच्या मंत्राला प्रतिकार करण्याची तरतूद स्वाभाविकच आहे. परंतु मित्राने केलेला उपकार नाकारता येतो काय? २००३ च्या ३.५ क्रमांकाच्या आवृत्तीत अशा अनेक मंत्रांपुढे 'निरुपद्रवी' अशी नोंद आढळते आणि पात्राची इच्छा असल्यास त्याला वीस बाजूंचा फासा टाकून प्रतिकार करता येतो. वरकरणी ही तरतूद उदार वाटते. प्रत्यक्षात तीत नकार हा हक्क न राहता केवळ प्रयत्न उरतो. फाशावर एक पडला की कितीही निग्रही पात्राचा नकार फसतो. शिवाय मंत्र टाकणारा जितका समर्थ, तितका नकार अवघड. जखमा भरून काढणाऱ्या मंत्राबाबत तर प्रतिकार यशस्वी झाला तरी, नियमाच्या शब्दांनुसार, परिणाम निम्माच होतो, शून्य होत नाही. (नको म्हणणाऱ्याला अर्धे बरे करण्यात कोणता न्याय आहे, हे नियमकर्तेच जाणोत.) जेथे संमती आवश्यक आहे, तेथे बेशुद्ध पात्र आपोआप राजी समजले जाते, शुद्धीवर असलेले, पण जखडलेले पात्र मात्र नाही.

याच आवृत्तीत मृताला जिवंत करणारा मंत्र मात्र आत्मा परतण्यास राजी नसेल तर चालतच नाही. तेथे फाशाचा प्रश्नच येत नाही. म्हणजे जिवंताचा नकार फाशाच्या स्वाधीन, मृताचा नकार अंतिम!

हा खेळ सहकार्याचा असल्याने मदत नाकारण्याचे प्रसंग विरळाच, असे समर्थन करता येईल. ते अपुरे आहे. श्रद्धेपोटी किंवा मानापोटी उपचार नाकारणाऱ्या पात्रातच खरे नाट्य असते. २००९ च्या 'पाथफाइंडर'ने हे ओळखले. त्यातील रानटी योद्ध्याने 'अंधश्रद्धा' हे सामर्थ्य निवडले असेल, तर संतापाच्या आवेशात त्याला सोबत्यांच्या मंत्रांनाही प्रतिकार करावाच लागतो. शत्रूच्या मंत्रांपासून मिळणाऱ्या संरक्षणाची ही किंमत आहे आणि ती त्याच्या जिवावरही बेतू शकते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत स्पर्शाने जखमा भरणाऱ्या मंत्रापुढे प्रतिकाराचा फासाच उरलेला नाही. काही मंत्रांना राजी असलेलेच पात्र लागते. या मंत्राच्या वर्णनात तशी अटही नाही. जखमी पात्राने 'नको' म्हटले, तर पुढे काय व्हावे, हे खेळाच्या संचालकावर सोपविले गेले आहे.