गाभारा आणि भरदुपार: एचडीआर छायाचित्रणाची आजची स्थिती

दृश्यातला सर्वांत उजळ भाग आणि सर्वांत काळोखा भाग यांच्यातल्या अंतराला छायाचित्रणात डायनॅमिक रेंज म्हणतात. हे अंतर कॅमेऱ्याला एका फोटोत पेलत नाही, तेव्हा एकाच दृश्याचे कमीअधिक उजेडाचे अनेक फोटो काढून ते संगणकावर एकत्र करायचे, हे हाय डायनॅमिक रेंज अर्थात एचडीआर तंत्राचे मूळ काम. अंतर मोजण्याचे माप स्टॉप; उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढतो. करमाळ्याजवळ देवीच्या माळावर रावरंभा निंबाळकरांनी १७२७ साली बांधलेले कमलाभवानीचे मंदिर घेतले, तर हिशोब सरळ मांडता येतो. उन्हाळ्यात भर दुपारी प्रांगणातल्या फरसबंदीवर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो. समईवर भिस्त असलेल्या गाभाऱ्यात तो दहा लक्सच्याही खाली असू शकतो. एवढ्यानेच तेरा स्टॉप होतात. त्यात चुन्याचा पांढरा रंग आणि काळा दगड यांच्या परावर्तनातला चारेक स्टॉपचा फरक मिळवायचा. चांगल्यातला चांगला फुलफ्रेम कॅमेरा कमी आयएसओवर चौदा स्टॉपच्या आसपास थांबतो. म्हणजे प्रांगणातून सभामंडपाकडे पाहत काढलेल्या फोटोत एक तर आकाश पांढरे होऊन उडते, नाही तर आतले खांब काळे पडतात.

हा झाला टिपण्याचा प्रश्न. दुसरा प्रश्न दाखवण्याचा, आणि तो अधिक अवघड आहे. चकचकीत फोटोकागद फार तर सातेक स्टॉपचा फरक दाखवू शकतो. फ्लेक्स त्याहूनही कमी. सतरा स्टॉपचे दृश्य सातांत बसवायचे तर काहीतरी दाबावे लागते, आणि काय दाबायचे हे यंत्राला कळत नाही. टिपण्याचा प्रश्न आता जवळपास सुटला आहे. आजच्या एचडीआर छायाचित्रांतले बहुतेक दोष या दुसऱ्या टप्प्यातले आहेत.

प्रश्न जुनाच आहे. ओल्या कोलोडियन काचा निळ्या उजेडाला फार लवकर प्रतिसाद देत, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक फोटोंत आकाश कोरे पांढरे असते. फ्रान्समध्ये ग्युस्ताव ल ग्रेने १८५६-५७च्या सुमारास समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून एकच प्रिंट काढली. तत्त्वतः हाच एचडीआर. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती त्याच्या थोडीच आधी, १८५४ साली, आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. इथल्या स्टुडिओंतही निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करणे, तयार फोटोवर रंग चढवणे ही रोजची कामे होती. फोटो ‘सुधारण्याची’ सवय सॉफ्टवेअरने लावली, असे मानण्याचे कारण नाही. पुढे अन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या आसपास झोन सिस्टिम मांडली आणि डार्करूममध्ये एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवणे, दुसरा जास्त उजेड देऊन गडद करणे याला शिस्त आली.

संगणकावरचा इतिहास छोटा आहे. १९९५ साली स्टीव्ह मान आणि रोझालिंड पिकार्ड यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो जोडण्याची रीत मांडली. १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी त्या फोटोंवरून दृश्यातल्या प्रत्येक बिंदूचा सापेक्ष प्रकाश काढण्याचे गणित दिले. २००२ साली एरिक राइनहार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ॲडम्सची झोन सिस्टिमच संगणकाच्या भाषेत उतरवली. २००३ साली फोटोमॅटिक्स हे सॉफ्टवेअर आले, २००५ साली फोटोशॉपच्या सीएस२ आवृत्तीत एचडीआर जोडणीची सोय आली, आणि प्रयोगशाळेतली गोष्ट हौशी छायाचित्रकाराच्या टेबलावर पोहोचली.

प्रत्यक्ष रीत अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, आयएसओ १००, छिद्र कायम, फक्त शटरचा वेग बदलायचा. छिद्र बदलले तर फोकसची खोली बदलते आणि फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. दोन दोन स्टॉपच्या अंतराने पाच फोटो काढले की सेन्सरच्या स्वतःच्या आवाक्यात आठ स्टॉपची भर पडते. फोटो रॉ स्वरूपात हवेत: चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये रंगामागे केवळ २५६. कमलाभवानीच्या परिसरातली बारव या रीतीसाठी उत्तम विषय आहे. मंदिर ९६ खांबांचे आणि बारव ९६ पायऱ्यांची, असे सांगितले जाते. वरच्या पायऱ्यांवर ऊन, मधल्या सावलीत, तळाशी जवळपास काळोख, आणि त्या काळोखातल्या पाण्यात मात्र आकाशाचा लखलखीत तुकडा. उजेडाचा क्रम वरून खाली सरळ उतरत नाही, शेवटी उलटतो. साधा फोटो इथे हमखास फसतो.

फोटो संगणकावर आणल्यावर दोन वाटा फुटतात, आणि बरेच जण त्या एकच समजतात. पहिल्या वाटेने सगळे फोटो जोडून ३२ बिटची एक फाइल होते. तिच्यात दृश्याचा खरा उजेड साठलेला असतो, पण ती साध्या पडद्यावर जशीच्या तशी दिसत नाही. मग तिला दाबून दाखवण्याजोगी करावी लागते, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. लाइटरूममध्ये २०१५पासून ही जोडणी आहे. तिथे जोडून तयार होणारी फाइल रॉसारखीच हाताळता येते आणि एक्स्पोजरचा स्लायडर एरवीच्या पाचाऐवजी दहा स्टॉपपर्यंत सरकतो. दुसरी वाट एक्स्पोजर फ्यूजनची. टॉम मर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हान रीथ यांनी २००७ साली मांडलेल्या या पद्धतीत ३२ बिटची फाइल तयारच होत नाही. प्रत्येक फोटोतला नीट उजळलेला, ठसठशीत भाग निवडून थेट मिश्रण होते. एन्फ्यूज हे मोफत सॉफ्टवेअर तेच करते. वास्तूच्या छायाचित्रणासाठी फ्यूजनचा निकाल बहुतेक वेळा अधिक शांत असतो, आणि तरीही तो कमी वापरला जातो, कारण त्यात ‘इफेक्ट’ दिसत नाही.

टोन मॅपिंगचेही दोन प्रकार. संपूर्ण चित्राला एकच वक्र लावला तर उजेड-सावलीचे नाते टिकते, पण चित्र मिळमिळीत होते. प्रत्येक भागाला त्याच्या शेजारच्या उजेडानुसार वेगळा न्याय दिला तर तपशील उठतो, पण कडांभोवती पांढरी प्रभा उमटते. आकाशाच्या पार्श्वभूमीवरची दीपमाळ हा या दोषाचा ठरलेला बळी आहे. देवीच्या माळावरच्या तीन उंच दीपमाळांसारखी सरळ, काळसर आकृती उजळ आकाशासमोर आली की सॉफ्टवेअर दगड उजळवते, भोवतीचे आकाश पांढुरके करते, आणि दीपमाळेला देवांच्या कॅलेंडरमधले तेजोवलय मिळते. दुसरा दोष भुताचा: पाच फोटोंच्या दरम्यान शिखरावरचा ध्वज हलतो आणि जोडलेल्या चित्रात अर्धपारदर्शक, तिहेरी ध्वज उमटतो. भुते काढण्याची सोय आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती हललेल्या भागापुरता एकच फोटो निवडते, त्यामुळे त्या भागात एचडीआर उरत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

म्हणूनच हलत्या विषयावर हे तंत्र लंगडे पडते. भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी करमाळा तालुक्याच्या सीमेला भिडते, आणि हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांमागे कॅमेरे जमतात. उडत्या थव्याचे पाच एक्स्पोजर काढण्यात अर्थ नाही. तिथे जाणकार एकच रॉ फोटो काढतात, पांढऱ्या-गुलाबी पिसांचा तपशील उडू नये म्हणून मुद्दाम थोडा अंडर, म्हणजे गरजेपेक्षा गडद, ठेवतात आणि सावल्या नंतर उचलतात.

यापुढचा प्रकार सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत शंकास्पद: एकाच फोटोवर मारलेला एचडीआर इफेक्ट. स्नॅपसीडमधला एचडीआर स्केप, पिक्सआर्टमधले तत्सम फिल्टर, लाइटरूमचे विकत वा फुकट मिळणारे प्रिसेट हे सगळे याच घरातले. यांत नवा उजेड कुठूनही येत नाही. फिल्टर करतो एवढेच, की सावल्या उचलतो, उजळ भाग दाबतो, लहान लहान भागांतला कॉन्ट्रास्ट वाढवतो आणि रंग भडक करतो. जेपेगमध्ये आकाश एकदा २५५वर जाऊन बसले की तिथे ढग होते की नव्हते याची नोंदच नसते. फिल्टर त्याला करडे करू शकतो, परत आणू शकत नाही. उचललेल्या सावलीत मात्र दाणे दिसू लागतात. माणसांवर याचा परिणाम आणखी वाईट. छोट्या कॉन्ट्रास्टमुळे त्वचेवरची प्रत्येक रेघ खोदल्यासारखी होते, म्हणून पुढच्या पायरीला चेहरा गुळगुळीत केला जातो, आणि खरखरीत माळरानासमोर मेणाचे नवरा-नवरी उभे राहतात. उजनीच्या काठावरच्या प्री-वेडिंग फोटोंत आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे दृश्य रुळले आहे. फ्लेक्सच्या बाबतीत थोडी सूट द्यायला हवी: त्याची छपाई मुळात फिकट असते, तो उन्हात टांगायचा असतो आणि चालत्या गाडीवरून वाचायचा असतो. भडकपणा ही तिथली गरज आहे. तोच फोटो अल्बममध्ये लावला जातो, तेव्हा गरज संपलेली असते आणि सवय उरते. फोटोशॉपमध्ये २०२०पासून आकाश बदलण्याची सोय आल्यावर तर दुपारच्या उन्हातल्या माणसांमागे संध्याकाळचे ढग लावणे मिनिटाचे काम झाले. सावल्यांची दिशा चुकते, त्याची फिकीर क्वचितच कुणी करते.

सर्वांत मोठा बदल फोनमुळे झाला. ॲपलने २०१० साली फोनमध्ये एचडीआर दिला, तेव्हा तो चालू करावा लागे. गुगलने २०१३ साली आणलेल्या एचडीआर प्लसने वेगळा मार्ग घेतला: सारख्याच, मुद्दाम अंडर ठेवलेल्या अनेक फोटोंची झटपट माळ टिपायची, ते जुळवून सरासरी काढायची म्हणजे दाणे कमी होतात, आणि मग सावल्या उचलायच्या. सारख्या उजेडाचे अनेक फोटो वेगवेगळ्या उजेडाच्या मोजक्या फोटोंपेक्षा सोपे जुळतात, ही त्यातली खरी कल्पकता. तांत्रिकदृष्ट्या या काळातले हे सर्वांत सुबक काम आहे. त्याची किंमत अशी की निर्णय छायाचित्रकाराकडून गेला. भर दुपारचा सभामंडप, पहाटेचा, दिवेलागणीचा, सगळे सारखेच नीट दिसतात.

इथेच या कलेबद्दलची मुख्य तक्रार आहे. दख्खनच्या मंदिरात उजेड उतरत जातो: उघडे प्रांगण, अर्धा उजेड असलेला मंडप, अंधारा गाभारा. हा उतार बांधणाऱ्यांनी घडवलेला आहे. गाभाऱ्याइतकाच मंडप आणि मंडपाइतकेच प्रांगण उजळ दाखवणारे चित्र तपशिलात बरोबर आणि वास्तूबद्दल चूक ठरते. कोरीवकामाचेही तसेच. खांबावरची नक्षी वाचता येते ती तिरक्या उजेडाने पडलेल्या सावलीमुळे; सावली उचलली की उठाव सपाट होतो, आणि काळा पाषाण सिमेंटसारखा राखाडी दिसू लागतो. एचडीआर चित्र तपासायची सोपी कसोटी हीच: काळ्या दगडात कुठेतरी खरा काळा उरला आहे का, आणि उजेड कुठून येतो ते अजून कळते का. पाच फोटो जोडूनही ही कसोटी पार करता येते, पण त्यासाठी सॉफ्टवेअरने उजळवलेला भाग हाताने पुन्हा गडद करावा लागतो. शिकवण्यांत आणि व्हिडिओंत हा टप्पा सहसा वगळलेला असतो. वेगळी दृष्टीही उपलब्ध आहे. बिनॉय बहल यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अजिंठ्याची चित्रे टिपली ती लेण्यांतल्या मंद उजेडात, प्रखर दिवे न लावता, लांब एक्स्पोजरने. रंग आले, आणि लेण्यातला काळोखही राहिला.

नोंदीच्या कामात मात्र ही तक्रार लागू होत नाही. बारवेच्या भिंतीतले कोनाडे, निसटलेले चिरे, पाण्याच्या जुन्या पातळीचे डाग यांची नोंद करायची असेल तर सावलीतला प्रत्येक दगड दिसणे हाच हेतू असतो, आणि तिथे सपाट, शांत फ्यूजन सर्वांत उपयोगी. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जुन्या बांधकामांनाही हेच लागू.

टोन मॅपिंगची गरजच कमी करणारा बदल आता सुरू झाला आहे. नव्या फोनांचे पडदे पूर्वीपेक्षा कितीतरी प्रखर आहेत. २०२३ साली अँड्रॉइड १४मध्ये अल्ट्रा एचडीआर आले: साध्या जेपेगसोबत कुठला भाग किती अधिक उजळायचा याचा नकाशा साठवला जातो, जुन्या पडद्यावर साधा फोटो दिसतो आणि नव्या पडद्यावर दीपमाळेतला दिवा खरोखर प्रखर होतो. त्याच वर्षी लाइटरूममध्येही अशी फाइल तयार करण्याची सोय आली. दिवा प्रखर करता आला की बाकीचे दृश्य उजळवण्याचे कारण उरत नाही. गाभारा अंधारा ठेवूनही समई पेटलेली दाखवता येते. कागद आणि फ्लेक्स मात्र आपल्या सहा-सात स्टॉपांवरच आहेत. त्यामुळे लग्नाचा अल्बम छापणाऱ्या छायाचित्रकाराला दाबण्याची कला शिकावीच लागणार आहे, आणि एकाच फोटोच्या छपाईसाठी व पडद्यासाठी दोन वेगळ्या फाइली तयार ठेवाव्या लागणार आहेत.