प्रतीक्षेतील चित्रपट : मणी कौल यांच्या कलाकृतींची आवृत्ती आणि रसिकाचा प्रश्न

१. प्रास्ताविक

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक राजा सर्वसेन हा स्वतः कवी होता. महाराष्ट्री प्राकृतात त्याने 'हरिविजय' नावाचे काव्य रचले. आनंदवर्धनासारख्या थोर साहित्यशास्त्रकाराने त्याची दखल घेतली, परंतु ते काव्य आज उपलब्ध नाही. अलंकारग्रंथांतील उल्लेख आणि काही अवतरणे यांवरूनच त्याच्या स्वरूपाची कल्पना करावी लागते. एखादी कलाकृती नष्ट व्हावी आणि तिच्याविषयीचे अभिप्राय तेवढे शिल्लक राहावेत, असा हा प्रकार आहे.

विसाव्या शतकातील काही भारतीय चित्रपटांची अवस्था याहून फार वेगळी नाही. मणी कौल (१९४४-२०११) यांचे नाव समांतर चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात येते. विद्यापीठीय प्रबंधांत त्यांची चर्चा होते. प्रत्यक्ष चित्रपट मात्र अनेक अध्यापकांनी पाहिलेला नसतो, आणि पाहिला असल्यास दूरदर्शनवरून ध्वनिमुद्रित केलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या तिसऱ्या-चौथ्या नकलेवर. कौल यांच्या चित्रपटांची शुद्ध व सटीप आवृत्ती घरी पाहता यावी म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणारा एक लहानसा रसिकवर्ग त्यामुळेच निर्माण झाला. या प्रतीक्षेचा अर्थ काय, आणि तिचा मराठी साहित्याच्या अध्यापनाशी संबंध कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. मराठी परिसर आणि मणी कौल

जोधपूर येथे जन्मलेले आणि हिंदीत चित्रपट करणारे कौल मराठी अभ्यासकाला परके वाटण्याचे कारण नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते ऋत्विक घटक यांचे विद्यार्थी होते. मोहन राकेश यांच्या नाटकावर आधारलेल्या 'आषाढ का एक दिन' (१९७१) या त्यांच्या चित्रपटात कालिदासाची भूमिका अरुण खोपकर यांनी, तर मल्लिकेची भूमिका रेखा सबनीस यांनी केली. खोपकर पुढे मराठीतील चित्रपटविषयक लेखनाचे एक प्रमुख नाव ठरले आणि 'चलत्-चित्रव्यूह' या ग्रंथासाठी त्यांना २०१५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'सतह से उठता आदमी' (१९८०) हा चित्रपट गजानन माधव मुक्तिबोध यांच्या लेखनावर आधारलेला आहे. मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी होती, त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे नागपुरात गेली आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील मान्यवर कवी-समीक्षक होत.

सर्वांत निकटचे उदाहरण 'घाशीराम कोतवाल'चे आहे. विजय तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले व अनेक अभ्यासक्रमांत नेमले गेले. त्यावरील १९७६ चा मराठी चित्रपट 'युक्त' या सहकारी संस्थेने निर्माण केला. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ही संस्था उभारली होती आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जातून चित्रपटासाठी भांडवल मिळवले होते. मणी कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप व सईद मिर्झा यांची नावे दिग्दर्शनाशी निगडित आहेत. पटकथा तेंडुलकरांची, नाना फडणविसांच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी. इतके सगळे असूनही हा चित्रपट महाराष्ट्रात दीर्घकाळ दुर्मीळ राहिला. त्याची प्रत बर्लिनमधील आर्सेनाल या संस्थेच्या संग्रहात टिकली आणि अंकीय रूपांतरही तेथेच झाले. पेशवाईतील पुण्याविषयीचा, पुण्यातच शिकलेल्या तरुणांनी केलेला मराठी चित्रपट जर्मनीतून परत मिळावा, ही गोष्ट अभिमानाची की विषादाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

३. आवृत्ती म्हणजे काय?

१९८४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या क्रायटेरियन या संस्थेने लेझर डिस्कच्या काळात एक नवी प्रथा पाडली. चित्रपट योग्य चौकटीत, उत्तम प्रतीवरून, भाष्यासह आणि पूरक सामग्रीसह प्रसिद्ध करावयाचा, ही ती प्रथा. पुढे इंग्लंडमध्ये मास्टर्स ऑफ सिनेमा, सेकंड रन यांसारख्या संस्थांनी तोच मार्ग धरला. अशा प्रकाशनांची संख्या मर्यादित, किंमत अधिक आणि ग्राहक मोजका असतो. कौल यांचे गुरू घटक यांचा 'तितास एकटि नदीर नाम' (१९७३) हा चित्रपट २०१३ साली क्रायटेरियनच्या जागतिक चित्रपटविषयक पहिल्या संचात समाविष्ट झाला. १९९३ मध्ये लंडनमधील आगीत ज्यांच्या मूळ निगेटिव्हची हानी झाली, त्या सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीची पुनर्स्थापित आवृत्ती २०१५ साली आली. गुरूची आणि समकालीन श्रेष्ठाची आवृत्ती निघाल्यावर शिष्याच्या समग्र संचाची अपेक्षा रसिकांनी धरावी, हे स्वाभाविकच होते.

मराठी अध्यापकाला या अपेक्षेचे स्वरूप पाठचिकित्सेच्या उदाहरणाने सहज समजेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यासाठी जवळजवळ अर्धशतक खर्च केले, कारण पाठ निश्चित झाल्याशिवाय अर्थनिर्णय निश्चित होत नाही. चित्रपटाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. 'उसकी रोटी' (१९६९) या चित्रपटात कौल व त्यांचे छायाचित्रकार के. के. महाजन यांनी प्रामुख्याने २८ मिलिमीटर आणि १३५ मिलिमीटर अशा दोन भिंगांचा वापर केला. पहिल्या भिंगात जवळचे व दूरचे सारखेच स्पष्ट दिसते. दुसऱ्यात एक प्रतल स्पष्ट राहून बाकीचे धूसर होते. बालोचे प्रत्यक्ष जगणे आणि तिच्या मनातील प्रतिमा यांतील अंतर, आणि पुढे त्या अंतराची सरमिसळ, या दोन भिंगांच्या आधारे उभी राहते. नकलेची नक्कल पाहणाऱ्यास सारेच धूसर दिसते. त्याच्या दृष्टीने चित्रपटाचे मुख्य विधानच पुसले गेलेले असते. 'चित्रपट संथ आहे, त्यात काही घडत नाही' हा अभिप्राय अशा वेळी चित्रपटाविषयीचा असतो की प्रतीविषयीचा, हे सांगणे कठीण होते.

सत्यजित राय यांनी १९७४ सालच्या एका लेखात कौल यांच्या 'दुविधा'वर प्रतिकूल टीका केली. तो लेख त्यांच्या 'अवर फिल्म्स, देअर फिल्म्स' या ग्रंथात समाविष्ट असल्याने अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत मिळू शकतो. ज्या कृतीवर ही टीका आहे ती कृती मात्र सहसा त्या ग्रंथालयात नसते. निकालपत्र हाती आहे आणि पुरावा नाही, अशा स्थितीत विद्यार्थ्याकडून स्वतंत्र मताची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

४. चित्रपटांतील प्रतीक्षा

येथे एक विलक्षण साम्य लक्षात येते. कौल यांचे पहिले तीनही कथापट प्रतीक्षेचे आहेत. 'उसकी रोटी'तील बालो बसथांब्यावर नवऱ्याची भाकरी घेऊन उभी असते. बसचालक सुच्चासिंग रागाने निघून जातो आणि ती रात्रीपर्यंत तेथेच थांबते. 'आषाढ का एक दिन'मधील मल्लिका उज्जयिनीला गेलेल्या कालिदासासाठी कोरी पाने शिवून ठेवते. तो परततो तेव्हा त्या पानांवर तिच्या आयुष्याचे डाग पडलेले असतात. विजयदान देथा यांच्या कथेवरील 'दुविधा'मध्ये व्यापाऱ्याचा मुलगा लग्न होताच पाच वर्षांसाठी परदेशी जातो आणि नववधूवर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते.

हे साम्य केवळ अलंकार म्हणून वापरणे योग्य ठरणार नाही. बालो, मल्लिका आणि ती नववधू यांची प्रतीक्षा त्यांनी स्वेच्छेने पत्करलेली नाही. घर, रूढी व पुरुषाची सोय यांनी ती त्यांच्यावर लादली आहे. डिस्कची वाट पाहणाऱ्या रसिकाने स्वतःस त्यांच्या रांगेत बसवणे ही अतिशयोक्ती होईल. तथापि 'दुविधा'तील एक प्रश्न रसिकालाही लागू पडतो. भूत नववधूस आपले खरे स्वरूप सांगते आणि ती जाणूनबुजून त्याचा स्वीकार करते. अस्सल दूर आहे, नक्कल दाराशी आहे आणि नक्कल प्रेमळही आहे. पुसट कॅसेटवर कौल पाहून ज्यांनी त्यांच्यावर जीव जडवला, त्या रसिकांचे नाते अशाच प्रकारचे होते. पुढे अस्सल प्रत आली तरी त्या पहिल्या प्रेमाला खोटे म्हणता येत नाही.

याच कथेवर मराठी दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी २००५ साली 'पहेली' हा चित्रपट केला. तो चित्रपटगृहांत लागला आणि भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठवला गेला. त्यात भूत अखेरीस पतीच्या देहात प्रवेश करते आणि नायिकेला सुख मिळते. कौल यांच्या चित्रपटात भूत कातडी पखालीत कोंडले जाते आणि नववधूच्या वाट्यास मौन येते. दोन शेवटांची तुलना करणे हा वर्गातील उत्तम अभ्यास ठरेल, स्त्रीवादी समीक्षेच्या तासाला तर विशेषच. परंतु तुलनेची एक बाजू सहज मिळते आणि दुसरी बाजू शोधावी लागते. उपलब्धतेचा हा असमतोल हळूहळू अभिरुचीचा असमतोल बनतो.

५. पंथ आणि राखण

दुर्मीळ कृतीभोवती जमणाऱ्या रसिकांना इंग्रजीत 'कल्ट' हा शब्द लावतात. विदर्भातील वाचकाला यावरून महानुभाव पंथाचे स्मरण होईल. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतके जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा होईपर्यंत मराठीच्या आद्य गद्याचे हे भांडार बाहेरच्या जगाला बहुतांशी अज्ञात होते. राखण केली म्हणून ग्रंथ वाचले. आणि राखण फार कडक होती म्हणून ते अनेक पिढ्यांना वाचता आले नाहीत. दोन्ही विधाने खरी आहेत.

कौल यांच्या रसिकांविषयीही असेच म्हणावे लागते. प्रतींची अदलाबदल, उपशीर्षके, टिपणे आणि फिल्म सोसायट्यांतील खेळ यांद्वारे त्यांनी या चित्रपटांची आठवण जिवंत ठेवली. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळासारख्या १९६८ पासून कार्यरत असलेल्या संस्थेचे कार्य याच परंपरेतले. मात्र या रसिकतेला संग्राहकाच्या अहंतेचा धोका असतो. क्रमांकित प्रत, विशेष वेष्टन आणि मर्यादित संख्या यांचे मोल चित्रपटापेक्षा वाढू लागले की प्रतीक्षा ही खरेदीची पूर्वतयारी ठरते. त्यात परदेशी डिस्कवर प्रदेश-संकेताचे बंधन असते. डीव्हीडीच्या वाटणीत अमेरिका पहिल्या, इंग्लंड दुसऱ्या आणि भारत पाचव्या प्रदेशात येतो. ब्ल्यू-रेच्या वाटणीत हे तीन देश अनुक्रमे ए, बी व सी या तीन निरनिराळ्या विभागांत आहेत. परदेशातून मागवलेली महागडी डिस्क येथील साध्या यंत्रावर चालेलच असे नाही. भारतीय चित्रपटाची आवृत्ती भारतीय यंत्राने नाकारावी, ही विसंगती बोलकी आहे.

६. उत्तरदायित्वाचा प्रश्न

कौल यांची निर्मिती वेगवेगळ्या हातांत विखुरलेली होती. 'उसकी रोटी' फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या अर्थसाहाय्याने झाला. 'दुविधा'मागे चित्रकार अकबर पदमसी यांचे साहाय्य होते. 'सिद्धेश्वरी' (१९८९) फिल्म्स डिव्हिजनचा, तर 'इडियट' (१९९१) दूरदर्शनसाठी केलेला. समग्र संच न निघण्याचे एक कारण या विखुरलेपणात सापडते. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९८० मध्येच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले होते. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांचेही त्याच महामंडळात विलीनीकरण झाले. विलीनीकरणावर चित्रपटकर्मींनी घेतलेले आक्षेप गंभीर होते आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. परंतु जे चित्रपट, त्यांच्या प्रती आणि त्यांचे अधिकार एका छताखाली आले, त्यांच्याबाबत 'हे आमच्याकडे नाही' हे उत्तर आता पुरेसे ठरत नाही.

पुनर्स्थापनेचे कार्य देशात होत आहे, हेही नमूद केले पाहिजे. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने अरविंदन यांचा 'थंप' आणि श्याम बेनेगल यांचा 'मंथन' पुनर्स्थापित केले. ते अनुक्रमे २०२२ व २०२४ साली कान येथे दाखवले गेले. पाच लाख शेतकऱ्यांच्या वर्गणीतून झालेला 'मंथन' पुन्हा भारतातील चित्रपटगृहांतही आला. महोत्सवातील गौरव आवश्यक आहेच. तथापि आवृत्तीचे सार्थक वाचकाच्या हाती पडण्यात असते, आणि वाशीमसारख्या जिल्ह्यातील अध्यापक हा त्या आवृत्तीचा शेवटचा वाचक मानला जाऊ नये. क्रमिक पुस्तकाइतक्या किमतीत मिळणारी, मराठी उपशीर्षके व अभ्यासपूर्ण प्रस्तावना असलेली साधी प्रत, किंवा ग्रंथालयांसाठी परवानाप्राप्त अंकीय प्रत, ही मागणी अवास्तव नाही.

७. निष्कर्ष

मणी कौल यांच्या चित्रपटांची प्रतीक्षा हा मूठभर शौकिनांचा छंद म्हणून दुर्लक्षिता येणार नाही. पाठ उपलब्ध नसेल तर समीक्षा परंपरागत अभिप्रायांची पुनरुक्ती करीत राहते, हे साहित्याच्या अध्यापकास वेगळे सांगावयास नको. रसिकांनी राखण केली. संस्थांनी आता आवृत्ती द्यावी. आणि अध्यापकांनी ती वर्गात नेऊन तिची परीक्षा करावी. त्या परीक्षेत कौल यांचे चित्रपट काहींना थोर वाटतील, काहींना राय यांची टीका पटेल. दोन्ही निर्णय स्वतः पाहून घेतलेले असतील. सर्वसेनाच्या 'हरिविजया'विषयी आज असा निर्णय घेता येत नाही. त्या काव्याला वाचवणारे कोणी उरले नाही. या चित्रपटांच्या बाबतीत तसे म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.