फेस म्हणजे सफाई नव्हे

दसरा-दिवाळी जवळ आली, की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि हल्ली मोबाइलवरच्या संदेशांत 'स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी घर स्वच्छ करा, पैसे वाचवा' अशा मजकुराला बहर येतो. लिंबू, चिंच, मीठ, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, राख, रिठे एवढ्या सामग्रीवर सारे घर लख्ख होते, असे त्यात सांगितलेले असते. एखाद्या पुस्तकाचे करावे तसे या मजकुराचेही परीक्षण व्हायला हवे, असे आम्हांला वाटते. विद्यार्थी पाठ्यपुस्तकातले रसायनशास्त्र परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. घरातले मात्र आयुष्यभर वापरतात.

प्रथम जमेची बाजू. यातले बरेच उपाय खरे आहेत आणि त्यांची कारणे शाळेच्या अभ्यासक्रमातच सापडतात. चिंचेतले टार्टारिक आम्ल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल तांब्या-पितळेवरची ऑक्साइड व कार्बोनेटची पुटे विरघळवते. बोअरच्या जड पाण्याने बादलीवर, नळाच्या तोटीवर बसलेला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले तर तो सुटतो. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते अल्कधर्मी असल्यामुळे तेलकटपणा काढते, आणि राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात. रिठ्यातल्या सॅपोनिनमुळे फेस होतो, आणि साबणाचा जड पाण्यात जसा चिकट साका बनतो तसा रिठ्याचा बनत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी हे सारे अनुभवाने शोधले होते.

आमचा मुख्य आक्षेप आहे तो या मजकुरातल्या सर्वांत लाडक्या कृतीला. 'खाण्याचा सोडा टाका, त्यावर व्हिनेगर ओता, फसफसले की मळ निघालाच!' मोरी तुंबली, गॅसची शेगडी तेलकट झाली, फरशी मळली, कशावरही हाच उतारा. आता जरा हिशोब करू. १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये साधारण ५ ग्रॅम ॲसेटिक आम्ल असते. त्याचे पूर्ण उदासिनीकरण करायला ७ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पुरतो. त्यातून जवळजवळ दोन लिटर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरते सुमारे ७ ग्रॅम सोडियम ॲसिटेट विरघळलेले पाणी. हे पाणी क्षाराचा थर काढू शकत नाही, कारण आम्ल संपले. तेलकटपणा काढायलाही ते फारसे उपयोगी नाही, कारण आम्लाने सोडाही संपवला. दोन कामाच्या वस्तू एकमेकींवर खर्च झाल्या आणि आपल्या हाती पाणी आले. बुडबुड्यांनी सैल कचरा थोडा हलतो, हे मान्य. पण मोरीचे तोंड उघडे असते. वायू वर निघून जातो आणि आत घट्ट बसलेले तूप-तेल जागच्या जागी राहते. तिथे धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि एक लांब तार अधिक कामाची. पाणी मात्र उकळते नसावे. प्लॅस्टिकचे नळ त्याने मऊ पडतात.

जुनी पद्धत याबाबत शहाणी होती. पितळेचे भांडे आधी चिंचेने घासायचे, मग राखेने. आम्लाचे काम संपले, की अल्कलीची पाळी. दोन्ही एकत्र कालवून लावा, असे कोणी सांगत नव्हते.

दुसरा आक्षेप असा, की वस्तू कशावर लावायची याचा विचार या मजकुरात नसतो. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही दगड चुनखडीचे, आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच. म्हणजे नळावरचा थर आणि ओट्याचा दगड रसायनशास्त्राच्या दृष्टीने भाऊभाऊच. लिंबू किंवा व्हिनेगर यांत फरक करीत नाही. कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर पांढुरके चट्टे पडतात, ते मळाचे नसून झिजलेल्या दगडाचे असतात. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या भांड्याला खातो. अशी सूचना एका ओळीत देता येते. ती वगळणे हा निष्काळजीपणा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. 'एक वस्तू चांगली, तर दोन मिसळून अधिक चांगल्या' ही सवय हा मजकूर लावतो. सोडा-व्हिनेगरच्या बाबतीत त्याने फक्त पैसे वाया जातात. तीच सवय घेऊन कोणी संडासात ब्लीचिंग पावडर टाकली आणि त्यावर आम्ल ओतले, तर क्लोरीन वायू बाहेर पडतो. हा तोच वायू, जो १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे युद्धात शस्त्र म्हणून सोडला गेला. यासाठी तीव्र आम्लच हवे असेही नाही, व्हिनेगरही पुरते. शाळेच्या स्वच्छतागृहात ही दोन्ही द्रव्ये बहुधा एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी ठेवलेली असतात, आणि ती वापरणाऱ्या मावशींना वा शिपायांना हे कोणी सांगितलेले नसते. शिक्षकांनी आजच जाऊन ती वेगळी ठेवावीत आणि ठळक अक्षरांत पाटी लावावी. चुकून वायू झालाच तर आवरत बसू नये. ताबडतोब मोकळ्या हवेत जावे.

राहता राहिला 'स्वस्त' हा शब्द. धुण्याचा सोडा आणि साधा साबण खरोखरच स्वस्त आहेत. पण डझनभर लिंबे पिळून तासभर घासत बसणे स्वस्त तेव्हाच ठरते, जेव्हा घासणाऱ्या हातांची किंमत शून्य धरली जाते. ते हात बहुतेक घरांत कोणाचे असतात, हे वेगळे सांगायला नको. 'नैसर्गिक' या शब्दाचेही तेच. ॲसेटिक आम्ल फळापासून आले काय किंवा कारखान्यातून आले काय, त्याचा रेणू एकच.

हे सारे वर्गात पडताळून पाहता येते. एका पेल्यात व्हिनेगर घ्या, त्यात अंड्याच्या कवचाचा तुकडा टाका, बुडबुडे येतील. (फळ्यावरचा खडू घेऊ नका, तो पुष्कळदा जिप्समचा असतो.) दुसऱ्या पेल्यात व्हिनेगरमध्ये फसफसणे थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घाला, आणि मग कवच टाका, पेला गप्प राहील. मग वनस्पती तूप माखलेल्या सारख्या वाट्या घ्या. एक साध्या पाण्याने धुवा, एक या गप्प पाण्याने, एक धुण्याच्या सोड्याच्या कोमट द्रावणाने आणि एक साबणाने. हाताला सोडा लागू देऊ नका. निष्कर्ष विद्यार्थ्यांनाच काढू द्या.

घरगुती उपायांची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही. प्रत्येक उपायाला तीनच प्रश्न विचारावेत: मळ कशाचा आहे, तो कशावर बसला आहे, आणि क्रिया संपल्यावर भांड्यात काय उरते? ही उत्तरे देणारा मजकूर छापला जाईल तेव्हा त्याचे आम्ही मनापासून स्वागत करू. तोपर्यंत फेस पाहून भुलू नये, हे बरे.