स्मार्टवॉच : खपेल, पण रुळेल का?



ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, अशा माणसाला तुम्ही 'सामान्य ग्राहकांमध्ये स्मार्टवॉच यशस्वी होईल का' या विषयावर बोलायला बोलावलंत. बाजाराचं भाकीत करणं आम्हाला जमत नाही. पण प्रश्न नीट विचारला आहे का, हे पाहणं हाच आमचा चाळीस वर्षांचा धंदा. तेव्हा आज तेवढंच करू. आणि आम्ही 'आम्ही' म्हणतो त्यात आमच्या सौ.सुद्धा आल्या, कारण या घड्याळाचा प्रयोग आमच्या घरात दोघांवरही झाला आहे. (हशा)

या प्रश्नातला गोंधळ 'यशस्वी' या शब्दात आहे. आपल्या मराठीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. वस्तू खपते आणि वस्तू रुळते. खपणं दुकानात घडतं, रुळणं घरात. मिक्सर रुळला, प्रेशर कुकर रुळला. व्यायामाची सायकल खपली खूप, पण अनेक घरांत आज तिच्यावर टॉवेल वाळतात. स्मार्टवॉच खपतं की नाही याचं उत्तर केव्हाच मिळालं आहे. आपल्याकडे दीड-दोन हजार रुपयांत ते मिळू लागलं आणि २०२२ च्या सुमारास भारत या घड्याळांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक झाला. मग २०२४ मध्ये विक्री घसरली. का? ज्यांनी एकदा घेतलं, त्यांतल्या पुष्कळांना दुसरं घ्यावंसं वाटलं नाही, असं आमचं अनुमान आहे. ते खपलं, पण सगळीकडे रुळलं नाही.

आता थोडं मागे जाऊ. घड्याळ मनगटावर आलं कसं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुरुषाचं घड्याळ साखळीला लटकून खिशात असे. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. सांतोस-द्युमाँ हा ब्राझीलचा वैमानिक. विमान चालवताना दोन्ही हात गुंतलेले, खिशातून घड्याळ काढणार कसं? त्याच्यासाठी १९०४ मध्ये कार्तिए यांनी मनगटी घड्याळ बनवलं. पुढे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांची अडचण तीच होती. युद्ध संपलं आणि घड्याळ मनगटावरच राहिलं. म्हणजे बघा, मनगटाची जागा घड्याळाने जाहिरातीने मिळवलेली नाही. हात मोकळे नव्हते, म्हणून ती मिळाली.

मग मोबाइल आला आणि घड्याळ पुन्हा खिशात गेलं. कॉलेजात आमच्या शेवटच्या काही वर्षांत परीक्षेच्या दिवशी मुलं विचारायची, "सर, वर्गात घड्याळ आहे का?" मोबाइल बाहेर ठेवावा लागे आणि मनगटं रिकामी! या रिकाम्या मनगटासाठी २०१२ ते २०१५ या काळात धडपड सुरू झाली. पेबल नावाच्या घड्याळासाठी २०१२ मध्ये सुमारे ६९ हजार लोकांनी मिळून एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ दिली. ॲपलचं घड्याळ एप्रिल २०१५ मध्ये विक्रीला आलं. त्यात सोन्याचाही एक प्रकार होता, किंमत दहा हजार डॉलरपासून पुढे.

त्या वेळी दोन पक्ष पडले होते. दोन्हींचं म्हणणं आज तपासून पाहता येतं.

पूर्वपक्ष म्हणत होता, हे चालणार नाही. पडदा इवलासा, किंमत भारी, आणि रोज चार्जिंग कोण करणार? यातला चार्जिंगचा आक्षेप आम्हाला कधीच पटला नाही. आमच्या वडिलांचं एचएमटीचं घड्याळ होतं, त्याला रोज सकाळी किल्ली द्यावी लागे. त्यांनी ती वर्षानुवर्षं दिली, तक्रार केली नाही. रोज काही करावं लागतं म्हणून माणूस वस्तू टाकत नाही. त्या करण्यातून काही मिळत नाही, म्हणून टाकतो. चार्जिंगचा खरा तोटा वेगळाच आहे. तो आम्हाला पुढे कळला, आणि चांगलाच कळला. त्याकडे येतोच.

उत्तरपक्ष म्हणत होता, हे चालणारच, कारण फोन खिशातून काढायला नको. पण फोन खिशातून काढणं ही काही दुनियेची पीडा नव्हती! कणकेत हात असलेल्या बाईला फोन कोणाचा आहे हे मनगटावर दिसलं तर सोय होते, मान्य. एरवी ज्याच्या त्रासाने कुणी रडत नव्हतं, असा त्रास दूर करण्याचं आश्वासन ते देत होते. परिणाम काय झाला? सोन्याचं घड्याळ दीड वर्षात, २०१६ मध्ये, मागे घेतलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेबलचा कारभार थांबला. दागिना म्हणून चाललं नाही, आणि छोटा फोन म्हणून हवं तसं चाललं नाही. टिकलं ते तिसऱ्याच रूपात, तब्येतीची खबर देणारं यंत्र म्हणून. या तिसऱ्या रूपाने बाजार सावरला, पण एक जुना आणि अवघड प्रश्नही उभा केला.

तो प्रश्न ज्ञानाचा आहे. घड्याळ वेळ सांगत होतं तोवर ते जगाविषयी बोलत होतं. आता ते माझ्याविषयी बोलतं. तुम्ही नीट झोपला नाहीत, म्हणतं. तुमच्यावर ताण आहे, म्हणतं. हे त्याला कसं कळलं? आणि कळलं ते खरं कशावरून?

यंत्र काय करतं ते आधी समजून घेऊ. मागच्या बाजूने हिरवा प्रकाश त्वचेत जातो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्याबरोबर रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो. प्रकाशातले हे चढउतार मोजून ते नाडी सांगतं. म्हणजे आपल्या भाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान. धूर पाहून अग्नी ओळखणं. आणि धूर म्हणून धुकं पाहिलं, तर अग्नीचं ज्ञान चुकतं, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात.

आमच्या पुतण्याने असंच एक स्वस्त घड्याळ आणलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. आठवीतल्या आमच्या नातवाने ते गुंडाळलेल्या टॉवेलला बांधलं. टॉवेलची नाडी आली ७८! (हशा) सौ. म्हणाल्या, "अहो, तुमच्यापेक्षा टॉवेलची तब्येत बरी आहे." हसण्यावारी नेलं आम्ही. पण वेदान्तातला शिंपल्यावरच्या चांदीचा दाखला इतक्या स्वच्छपणे आम्हाला वर्गात कधी समजावता आला नव्हता. यंत्र ठोका शोधायला बसलेलं आहे, त्यामुळे नसलेला ठोकाही त्याला सापडतो. हसू येत नाही ते साखरेच्या बाबतीत. सुई न टोचता रक्तातली साखर मोजतो, असं सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या विकल्या जातात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला की असल्या एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका. त्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिन घेतलं, तर खेळ जिवाशी आहे.

मग खरं-खोटं ठरवायचं कसं? आमच्या परंपरेत यावर मोठा वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधा येईपर्यंत ते खरं मानावं. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञानाचं प्रामाण्य बाहेरून ठरतं. दूरवर पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ते ज्ञान खरं होतं. कृती सफल झाली की ज्ञानावर शिक्का बसतो. या बाबतीत आम्ही नैयायिकांच्या बाजूचे. आणि आमच्या मते स्मार्टवॉचचं यश मोजायची फूटपट्टीही हीच. ते जे सांगतं, त्यावर सामान्य माणसाला काही करता येतं का, आणि ते करून खरं-खोटं पडताळता येतं का?

आता दोन उदाहरणं लावून पाहू.

पहिलं हृदयाचं. एट्रियल फिब्रिलेशन म्हणून एक विकार आहे. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते, रक्ताची गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. पुष्कळदा माणसाला काही जाणवतही नाही. स्टॅनफर्डने ॲपलच्या मदतीने केलेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४ लाख १९ हजार लोकांनी भाग घेतला, त्यांतल्या साधारण अर्ध्या टक्क्याला घड्याळाने अनियमित ठोक्यांची सूचना दिली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी पुढे छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत हा विकार दिसला. बाकीच्यांना घड्याळाने फसवलं असं लगेच म्हणू नका. हा विकार येतो-जातो आणि पट्टी काही दिवसांनी लागली होती. पट्टी छातीवर असतानाच घड्याळाने सूचना दिली, अशा वेळांपैकी ८४ टक्के वेळा पट्टीनेही दुजोरा दिला. हे लोक आयफोन आणि घड्याळ बाळगणारे अमेरिकन होते, आपल्या चाळीतले नव्हेत, हेही ध्यानात ठेवा. पण इथे पडताळा आहे. घड्याळ संशय व्यक्त करतं, ईसीजी निकाल देतो, डॉक्टर औषध ठरवतात. पाणी दिसतं, तिथवर जाता येतं, पिऊन पाहता येतं.

दुसरं झोपेचं. झोपेचे टप्पे नीट मोजायचे तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी पाहाव्या लागतात. घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतं आणि सकाळी गुण देतं. एका सकाळी आम्ही पाखरांच्या आवाजाने जागे झालो, प्रसन्न वाटलं. मग घड्याळ पाहिलं. शंभरपैकी ५४. तेव्हापासून दिवसभर आम्ही जांभया देत होतो. सौ. म्हणाल्या, "सकाळी तर ताजेतवाने होतात की! आकडा पाहिलात आणि दमलात." गुणांच्या मागे लागून झोप घालवणाऱ्या अशा रुग्णांविषयी डॉक्टरांनी २०१७ मध्ये लिहिलं आणि या प्रकाराला 'ऑर्थोसोम्निया' असं नावही दिलं. इथे अडचण अशी की हा ५४ आकडा पडताळायचा कशाने? झोप कशी झाली याचा आमच्याकडे एकच साक्षीदार होता, तो म्हणजे आम्ही स्वतः. त्यालाच आम्ही खोटं पाडलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने जन्मभर सोबत केलेल्या शरीराचा शब्द एका रात्रीत अमान्य करावा, हे आम्हाला आजही लागतं.

आता चार्जिंगची गोष्ट. आमची मुलगी न्यू जर्सीला असते. तिने हे घड्याळ पाठवलं ते त्यातल्या एका सोयीसाठी. माणूस जोरात पडला आणि उठला नाही, तर घड्याळ मदत बोलावतं, घरच्यांना कळवतं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या हातात हे आहे म्हणून मला झोप लागते." गेल्या पावसाळ्यात आम्ही पडलो. कुठे? न्हाणीघरात. घड्याळ कुठे होतं? चार्जरवर. कारण आंघोळीची वेळ हीच चार्जिंगची वेळ, हे आम्हीच ठरवलं होतं. सौ. भाजी आणून परत येईपर्यंत, वीसेक मिनिटं, आम्ही फरशीवर होतो. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

यात आम्ही यंत्राला दोष देत नाही. ते पाण्याला भीत नव्हतं. आम्हीच ते काढून ठेवलं होतं. पण मुलीची निश्चिंती ज्या गोष्टीवर उभी होती, ती गोष्ट दिवसातल्या सर्वांत धोक्याच्या अर्ध्या तासात भिंतीला लटकत होती. वस्तू विकत घेऊन सुरक्षितता घरात येत नाही. वस्तूभोवती दिनक्रम बसवावा लागतो, आणि रुळणं म्हणजे नेमकं तेच. त्या दिवसापासून घड्याळ चार्ज होतं ते वर्तमानपत्र वाचताना, खुर्चीत बसलेलो असताना. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवली. झोपेचे गुण बंद करून टाकले. नाडीची सूचना चालू ठेवली आहे. आली तर हातपाय न गाळता ईसीजी काढायचा, असं दोघांनी ठरवलं आहे.

तेव्हा संयोजकांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. जिथे घड्याळाच्या सांगण्याचा पडताळा घेता येतो आणि त्यावर काही करता येतं, तिथे ते सामान्य घरात रुळेल. जिथे ते नुसता विश्वास मागतं, तिथे खपेल आणि वर्षभरात खणात जाईल. मात्र आमचा ईसीजी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात निघतो. ज्याच्या गावापासून ईसीजी चाळीस किलोमीटर दूर आहे, त्याला हेच घड्याळ संशय देईल आणि निकाल देणार नाही; त्याच्या पदरात फक्त काळजी पडेल. त्याच्या मनगटावर ते यशस्वी व्हायचं असेल, तर आधी गावच्या आरोग्य केंद्रात ईसीजीचं यंत्र आणि ते वाचणारा माणूस हवा. ते काम घड्याळाच्या कंपनीचं नाही. ते आपलं सर्वांचं आहे.

आता प्रश्न विचारा. आमच्या घड्याळात साडेसात झाले आहेत. सभागृहातल्या घड्याळात सात बत्तीस. कोणाचं प्रमाण मानायचं ते अध्यक्षांनी ठरवावं. (हशा)